ओटीपी मोठ्याने सांगा

‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्य आता गावातल्या आजीबाईंनाही पाठ झालं आहे. बँकेच्या प्रत्येक मेसेजखाली ते असतं. आणि माझा सगळा दिवस लोकांना त्यांचा ओटीपी विचारण्यात जातो. पारनेरच्या तहसील कचेरीजवळ माझं सेवा केंद्र आहे. लोक अजून त्याला सेतूच म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणं, पीकविमा, आधारला कोणता मोबाईल जोडलाय ते बघणं, अशी आमची कामं. यातलं बरंचसं काम समोरच्या माणसाने ते सहा आकडे मला बोलून दाखवल्याशिवाय पुढे सरकत नाही. ज्या सरकारी यंत्रणा लोकांना सावध करतात, त्याच यंत्रणा असे अर्ज काढतात, की ते भरायला अनोळखी माणसाला ओटीपी सांगावाच लागतो.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली आणि हे सगळं अगदी उघड्यावर आलं. बाईचा आधार क्रमांक टाकायचा, तिच्या मोबाईलवरचा ओटीपी टाकायचा. मग नवऱ्याचा आधार क्रमांक, लग्न झालेलं नसेल तर वडिलांचा, आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी. आमच्याकडची पुष्कळ पुरुषमंडळी कामाला मुंबईत, कुणी सुप्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून झोपलेलं, कुणी ट्रकवर. बाई काउंटरवरून फोन लावते. मागे रांग. रेंज जाते-येते म्हणून आवाज चढतो. “अहो, मेसेज आला का? आकडे सांगा.” पलीकडून तो विचारतो, कुणाला सांगायचेत, कशाला पाहिजेत. तो बरोबरच विचारतो, त्याला तसंच शिकवलेलं आहे. पण मुदत दहा मिनिटांची, तेवढ्यात त्याची खात्री पटवायची. शेवटी ती आकडे मोठ्याने म्हणते, मी टाईप करते, आणि रांगेतल्या सगळ्यांच्या कानांवर ते पडतात. आधार क्रमांक तर त्यांनी आधीच ऐकलेला असतो, चार-चार आकड्यांचे तीन तुकडे करून, दोन-दोनदा.

त्या दिवसांतली एक बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिचं गाव मी लिहिणार नाही. नवऱ्याने टाकलेली, माहेरी भावाजवळ राहते, वडील वारलेले. तिचा मूळ अर्ज परित्यक्ता म्हणून मंजूर झाला होता. म्हणजे तिची हकीकत सरकारदरबारी आधीच नोंदलेली होती. तरी पडद्यावर चौकट तीच, पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक. तिने खालच्या आवाजात सांगितलं. गोंगाटात ते कळेना, म्हणून तिला तेच पुन्हा सांगावं लागलं, आणि या वेळी मागच्या पाचसहा बायकांनी ऐकलं. एकीने लगेच विचारलं, “कोणत्या गावचा गं तो?” ती मला म्हणाली, “ताई, पंधराशे नसले तरी चालतील, पण हे परत नका सांगायला लावू.”

पुढे मुदत वाढली आणि पती-वडील दोघंही नसलेल्यांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत, अशी सोय झाली. सेविकेच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण ती त्याच आळीत राहते. आणि टाकलेल्या बाईजवळ घटस्फोटाचा कागद नसतोच, तिची फक्त हकीकत असते. ती कुणापुढे आणि किती वेळा मांडायची, हे तिने ठरवायचं होतं. ते तिच्या हातातून गेलं. डिजिटल खासगीपणा म्हटलं की आपल्याला परदेशी कंपन्या, हॅकर, मोठमोठे सर्व्हर आठवतात. माझ्या लेखी त्याची सुरुवात या काउंटरवर होते, आणि तिथे तो सगळ्यात आधी जातो तो ज्याला ‘नाही देत’ म्हणायची सोय नाही त्याचा.

‘आमच्याकडं काय आहे लपवायला? तीन एकर जिरायत आणि एक म्हैस,’ असं लोक म्हणतात. मी दर वेळी त्यांना उत्तर देते, कारण हा समज महागात पडतो. हरियाणा आणि तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून त्यांचे रबरी, सिलिकॉनचे छाप बनवल्याची प्रकरणं पोलिसांनी उघडकीस आणली आहेत. अंगठा आणि आधार क्रमांक जुळला, की गावातल्या थम मशीनवर खात्यातून पैसे निघतात, त्याला ओटीपी लागत नाही. उत्तर प्रदेशात रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे मोबाईल नंबर विकले जातात, अशा बातम्या २०१७ साली आल्या होत्या. मुलीकडे लपवण्यासारखं काही नव्हतं, तिने फक्त रिचार्ज मारला होता. कर्ज देणाऱ्या ॲपनी फोनमधली सगळी नावं उचलली आणि हप्ता चुकलेल्या माणसाच्या सासऱ्याला, शाळेतल्या मास्तरांना फोन गेले, धमक्या गेल्या, खोटे फोटो गेले. रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०२२ मध्ये नियम काढावे लागले की, कर्जाच्या ॲपने ग्राहकाच्या फोनमधली संपर्कयादी, कॉलची नोंद, फोटो यांना हात लावायचा नाही. तोवर व्हायची ती बदनामी होऊन गेली होती. ज्याच्याजवळ पैसा आणि वकील आहे, तो यातून सावरतो. जिरायतवाल्याची एका हंगामाची कमाई जाते.

माझ्या दुकानात काय साठतं तेही सांगते, कारण बाहेरच्याला ते दिसत नाही. कोणत्याही सेवा केंद्रातला संगणक उघडा. व्हॉट्सॲप वेब दिवसभर चालू असतं. लोक घरून आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला पाठवतात आणि येऊन म्हणतात, प्रिंट काढा. व्हॉट्सॲपचा निरोप वाटेत कुणाला वाचता येत नाही, हे खरं. दोन फोनांच्या मधे तो कुलूपबंद असतो. पण माझ्या संगणकावर पोचला की तो डाउनलोडच्या फोल्डरमध्ये उघडा पडतो. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ज्या माणसाकडे ती फाईल आहे, त्याला नाव आणि जन्मसाल कळायला कितीसा वेळ लागतो? शिवाय बिघडलेल्या झेरॉक्स असतात. अर्धवट आलेल्या, काळ्या पडलेल्या, पण नंबर स्वच्छ वाचता येणाऱ्या. त्या बहुतेक ठिकाणी रद्दीत जातात, आणि रद्दी कुठेही जाते.

माझ्याकडे बिघडलेली प्रत गिऱ्हाइकासमोर फाडली जाते आणि काम झालं की फाईल त्याला दाखवून पुसली जाते. संध्याकाळी डाउनलोडचं फोल्डर रिकामं होतं. आणि मी काउंटरवर आकड्यांचा एक छोटा कीबोर्ड गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला आहे. तुमचा ओटीपी तुम्हीच दाबा, मला सांगू नका. म्हाताऱ्या बायका आधी बिचकतात, बोट हवेतच राहतं. मग एकेक आकडा फोनमध्ये बघून दाबतात, आणि सहावा आकडा दाबून झाला की माझ्याकडे बघतात. पेट्रोल पंपावर कार्डाचं मशीन आपल्या हातात देतात आणि पोऱ्या मान वळवतो. तेवढी साधी रीत सरकारी अर्जाला का नको? त्या कीबोर्डाला काही शे रुपये पडले. पण हे सगळं मी माझ्या मनाने करते. तपासणीला येणारे विचारतात, दरफलक लावलाय का, पावती देता का, अर्ज किती दिवस पडून आहेत. लोकांच्या कागदांचं पुढे काय करता, हा प्रश्न मला आजवर कुणीही विचारलेला नाही. लाखो माणसांचं खासगीपण दुकानदाराच्या सज्जनपणावर सोडून चालणार नाही. आज मी आहे, उद्या हे केंद्र दुसऱ्या कुणाचं असेल.

कायदा नाही असं नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं की, खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या विरोधात २०१२ मध्ये केलेल्या याचिकेतून हे प्रकरण उभं राहिलं होतं. केंद्र सरकारचे महान्यायवादी न्यायालयात सांगत होते की, राज्यघटनेत असा मूलभूत हक्कच नाही. गरिबाला आधी अन्न हवं, खासगीपण ही सुखवस्तूंची चैन आहे, असाही सूर होता. न्यायालयाने तो स्पष्ट शब्दांत नाकारला. मला त्या निकालातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, एका आदिवासी बाईच्या हातात दिलं गेलं. ज्यांच्यापासून ही सगळी नोंदणी सुरू झाली, त्यांचाच हक्क तो निकाल सांगत होता.

२०१८ मध्ये याच न्यायालयाने आधार योजना कायम ठेवली, पण खासगी कंपन्यांना आधार मागायची मुभा काढली आणि शाळाप्रवेशाला आधारची सक्ती नको म्हणून सांगितलं. पुढच्याच वर्षी कायद्यात बदल होऊन बँका आणि मोबाईल कंपन्यांसाठी ते ‘ऐच्छिक’ म्हणून परत आलं. ऐच्छिक म्हणजे प्रत्यक्षात काय, ते माझ्याकडे येणाऱ्या पालकांना विचारा. शाळेतून मुलांच्या, आधारला जोडलेल्या ‘अपार’ आयडीसाठी संमतीपत्र येतं. त्यावर सही केली नाही तर काय होईल, हे कुणी सांगत नाही, आणि सही करून कधी आणता, हे मात्र रोज विचारलं जातं. कुठली आई आपल्या लेकराच्या शाळेला नाही म्हणेल?

म्हणून २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आला तेव्हा मी तो नीट वाचला. त्यात काही गोष्टी चांगल्या आहेत. माहिती घेताना द्यायची सूचना मराठीत मागता येते. संमती मोकळी, बिनशर्त आणि समजून दिलेली हवी. निष्काळजीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण माझ्या काउंटरवर उभं राहून तो वाचला की त्याची भोकं दिसायला लागतात. हा कायदा संगणकातल्या माहितीपुरता आहे. कागदावरची झेरॉक्स स्कॅन होत नाही तोवर त्याच्या कक्षेत येतच नाही, आणि आपला निम्मा कारभार अजून झेरॉक्सवर चालतो. काम झालं की माहिती पुसून टाकायची, हे बंधन कंपन्यांवर आहे, शासनाला त्यातून सूट आहे. अनुदान, दाखला, परवाना देताना शासनाला पुष्कळ वेळा नव्याने संमती घ्यायचीही गरज नाही. आणि दंड झालाच तर तो सरकारी तिजोरीत जाईल. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३-अ खाली नुकसानभरपाई मागायची एक वाट होती, तीही या कायद्याने बंद होते आहे. जिची माहिती फुटली त्या बाईच्या हातात एक रुपया पडणार नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण नागरिकांच्या कामाची मुख्य कलमं अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत.

एक कलम मात्र त्या नोव्हेंबरातच लगेच लागू झालं, आणि ते माहिती अधिकाराच्या मुळावर आलं. राळेगणसिद्धी आमच्या तालुक्यात. माहिती अधिकारासाठी इथे उपोषणं झाली, महाराष्ट्राने २००२ मध्येच आपला कायदा केला, देशाचा २००५ मध्ये झाला. देशाच्या त्या कायद्यात एखाद्याची वैयक्तिक माहिती नाकारायची तरतूद आधीही होती, पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसला पाहिजे, अशी अट होती. आता ती अटच काढली. व्यापक जनहिताचं एक वेगळं कलम शिल्लक आहे, पण तिथे सगळा भार मागणाऱ्यावर आणि मर्जी अधिकाऱ्याची. मला लोक म्हणतात, तुम्हाला खासगीपण हवं ना, मग यात वाईट काय? वाईट हे की, अधिकाऱ्याने खुर्चीत बसून काढलेला आदेश ही त्याची खासगी बाब नाही. रस्त्याचं बिल कुणाला निघालं, खोट्या नावाने अनुदान कुणी उचललं, हे गावाला कळलंच पाहिजे. लाभार्थ्याचं नाव आणि रक्कम लावा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. त्याचा आधार क्रमांक, मोबाईल, ती बाई टाकलेली आहे की विधवा, हे फळ्यावर नको. एवढा फरक आमच्या गावच्या कोणत्याही शहाण्या माणसाला कळतो. कायद्याने मात्र नागरिकाला उघडं ठेवून कारभाऱ्याला पांघरूण घातलं.

फोनवरच्या बोलण्याचंही असंच आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला शिस्त लावली. आदेश गृहसचिवांचा हवा, दोन महिन्यांपुरता, वाढवून सहा महिन्यांपलीकडे नाही, आणि वर एक पुनर्विलोकन समिती. त्या समितीत कोण? सरकारचेच सचिव. १८८५ चा तार कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला, डिसेंबर २०२४ मध्ये टॅपिंगचे नवे नियम निघाले, तरी न्यायाधीशाला यात अजून जागा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका उद्योजकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली, कारण सार्वजनिक सुरक्षिततेचं कसलंही कारण तिथे नव्हतं. त्याला निदान न्यायालयात जाता आलं. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला आपलं बोलणं कुणी ऐकलं हे जन्मभर कळत नाही. २०२१ च्या नियमांनी व्हॉट्सॲपसारख्यांना निरोपाचा मूळ पाठवणारा शोधून द्यायची सक्ती केली, आणि ते भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. मी तिथे कंपनीच्या बाजूने आहे, जरी लोकांच्या माहितीवर श्रीमंत झालेल्या या कंपन्यांबद्दल मला फारसं प्रेम नाही. एक गुन्हेगार शोधता यावा म्हणून प्रत्येकाच्या प्रत्येक निरोपावर खूण करून ठेवावी लागेल, आणि त्यात माझ्याकडे येणाऱ्या त्या बाईचा तिच्या बहिणीला पाठवलेला निरोपही असेल.

काय करता येईल, ते आमच्यासारख्या टेबलावर बसणाऱ्यांना विचारलं तर लगेच सांगता येतं. आधारची झाकलेली प्रत आजही मिळते, तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने लोकांना सांगितलं होतं की, कुणालाही आधारची झेरॉक्स देऊ नका, ही झाकलेली प्रत द्या. सल्ला योग्य होता. दोन दिवसांत केंद्राने तो मागे घेतला, कारण म्हणे लोकांचा गैरसमज होईल. आज मी झाकलेली प्रत जोडली की पुष्कळ कार्यालयांतून अर्ज परत येतो, ‘पूर्ण नंबर दिसत नाही’ म्हणून. तो परत पाठवणं हाच नियमभंग ठरला पाहिजे. प्रत्येक शासन निर्णयात लागणाऱ्या कागदांची यादी असते. त्या यादीत प्रत्येक कागदापुढे लिहा, हा कशाला हवा, कुणाकडे राहील आणि कोणत्या तारखेला नष्ट होईल. कारण लिहिता येत नसेल तर तो कागद मागू नका. सरकारकडे असलेला दाखला सरकारनेच पुन्हा मागू नये. केंद्रांच्या तपासणीत दरफलकाबरोबर रद्दी आणि डाउनलोडचं फोल्डरही बघा. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई द्या, आणि टॅपिंगच्या आदेशावर न्यायाधीशाची सही आणा.

आणि जिथे दुसऱ्या माणसाचा होकार खरोखर लागतो, तिथे ती पायरी वेगळी ठेवा. मुंबईतल्या नवऱ्याला त्याच्या फोनमधल्या आधारच्या ॲपवरून, आठवडाभरात, त्याच्या सवडीने होकार देऊ द्या. ज्याच्याजवळ साधा फोन आहे त्याच्यासाठी कोणत्याही केंद्रावर माझ्यासारखा कीबोर्ड ठेवा. नवरा नसलेल्या, टाकलेल्या बाईला ती चौकटच दाखवू नका, तिची नोंद तुमच्याकडे आहे.

हे झालं तर माझी गिऱ्हाइकं कमी होतील. अर्जामागे मिळणारे पैसे जातील, आणि अशी दुकानं तालुक्यात पुष्कळ आहेत. चालेल. ज्यांना ओटीपी स्वतःचा स्वतः टाकता येईल, त्यांनी माझ्याकडे येऊच नये. दाखल्यांची, लॅमिनेशनची, झेरॉक्सची कामं राहतील, त्यावर दुकान निघेल.